राणीचे कपाट आणि त्याचे जुळे

मित्रांनो, मी एक जुने, खणांचे बुटके कपाट आहे. कोणाचे, हे मात्र मला अजून नीट उमगलेले नाही.

पॅरिसच्या एका कारागिराने मला राजवाड्यासाठी घडवले. राणीचे हातमोजे, पंखे मी सांभाळत असे. मग क्रांती झाली. लोकांनी मला अंगणात ओढले, माझ्यावरचे राजचिन्ह कानशीने घासून काढले आणि लिलावात विकले. ज्या चिन्हामुळे कालपर्यंत माझे कौतुक होई, तेच गुन्हा कसे ठरले, मला कळेना.

ओदिल नावाच्या सुईणीने मला घरी नेले. कडाक्याच्या थंडीत तिला दिवस भरण्याआधीच मुलगी झाली. तिने माझा खालचा खण उपसला, त्यात लोकर अंथरली, तो शेगडीपाशी ठेवला आणि पोरीला त्यातच जगवले. ती क्लेमांस. दात येऊ लागले तेव्हा खणाची कड तिने चावून चावून खडबडीत केली.

क्लेमांस म्हातारी झाली, तोवर देशात नवा सम्राट आला होता. त्याच्या दरबाराला जुन्या राजांच्या वस्तूंचे वेड लागले. दरबारचे मस्यू तेस्ये शोधत शोधत आमच्या घरी आले.

"मदाम, हे राणीचं आहे. वाड्यातच शोभेल."

"राणीकडं होतं थोडी वर्षं. माझ्याकडं जन्मभर. मग कुणाचं झालं?"

तेस्ये वाकून खालच्या खणाची चावलेली कड न्याहाळू लागले. क्लेमांसच पुढे म्हणाली, "माझ्यामागं कुणी नाही. सरपणात जाण्यापेक्षा न्या. पण त्या खणाला हात लावू नका."

"शब्द दिला, मदाम."

पण दुरुस्तीच्या कारखान्यात तेस्येंनीच मान खाली घालून सांगितले, "राणीच्या वस्तूवर दातांचे वण कसे ठेवायचे? काढा." रंधा मारून कड गुळगुळीत झाली. घासलेले राजचिन्ह पुन्हा बसले. दालनात जोडी हवी म्हणून माझ्यासारखेच दुसरे कपाटही बनले.

वाडा लोकांना खुला झाला, तेव्हा क्लेमांस काठी टेकत आली.

"यातलं माझं कोणतं?" तिने पहारेकऱ्याला विचारले.

"आजी, दोन्ही राणीचीच."

ती वाकून दोघांकडे खूप वेळ पाहत राहिली. मला करकरावेसे वाटले, पण माझे सांधे इतके घट्ट केले होते की आवाजच फुटेना. शेवटी तिने त्या नव्या कपाटावरून हात फिरवला.

"बरं ठेवलंय हो तुला," ती त्याला म्हणाली आणि समाधानाने निघून गेली.

मी रडावे की हसावे? मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. पण त्यांच्यावरची माणसे पुसू नका. नाहीतर आपल्याच माणसाला आपण ओळखू येत नाही.