पायाचं माप विचारणारी वेबसाइट

जामनगरात जसुमती जोडे शिवायची, पण सगळ्यांसाठी नव्हे. एक पाय आखूड असलेली, पोलिओ होऊन गेलेली, अपघातात हाड वाकडं जुळलेली माणसं तिच्याकडे यायची. हे काम ती वडिलांच्या हाताखाली शिकली होती. वडील गेले तशी गिऱ्हाइकंही पांगली. नव्या लोकांना ही गल्लीतली बाई माहीतच नव्हती.

तिचा धाकटा दीर किरीट बांधणीच्या साड्या वेबसाइटवर विकायचा. एका रविवारी जेवता जेवता तो म्हणाला, "भाभी, तुम्हीही माझ्यासारखी वेबसाइट काढा. फोटो टाकायचा, किंमत टाकायची. लोक नंबर निवडतील, पैसे भरतील, माल कुरिअरने जाईल. दुकानात माश्या मारत कशाला बसता?"

"साडी कुणालाही नेसता येते, किरीटभाई."

"मग जोड्याला नंबर नसतो का?"

तिला हे काही पटलं नाही. पण धंदा बसत चालला होता आणि दीर कळकळीने बोलत होता. तिने मान डोलावली.

उन्हाळ्यात वेबसाइट सुरू झाली. जुनागढहून चेतना नावाच्या बाईंनी मुलीसाठी जोडा मागवला. डाव्या पायाचा तळ जाड हवा, एवढंच लिहिलं होतं. जसुमतीने मन लावून जोडा शिवला आणि पाठवून दिला. आठवड्याभरात तो परत आला. पाठोपाठ चेतनाबेनचा फोन.

"बेन, पोरीच्या घोट्याला फोड आलेत. शाळेत जायचं नाही म्हणते. पैसे परत करा, बाकी काही बोलायचं नाही मला."

जसुमतीने पैसे परत केले, पण त्या रात्री तिला घास गोड लागला नाही. वडिलांच्या हयातीत एकही जोडा असा परत आला नव्हता. दुसऱ्या दिवशी ती चामडं, पट्टी आणि कागद घेऊन जुनागढच्या बसमध्ये बसली.

चेतनाबेनने दार उघडलं, पण आत या म्हणाल्या नाहीत. जसुमती उंबऱ्यातच बोलली, "पैशांसाठी नाही आले. पाय बघायला आलेय."

मुलीचं नाव ऋत्वी. जसुमती फरशीवर बसली आणि तिने तो पाय मांडीवर घेतला. पाय नुसता आखूड नव्हता, घोट्यातून आत वळलेला होता.

"हे मला कळवलं असतं तर..." ती म्हणाली.

"तुम्ही विचारलं कुठे?" चेतनाबेन म्हणाल्या. "तुमच्या वेबसाइटने फक्त नंबर विचारला. जोडा कोण शिवतं, त्याला भेटता येतं का, मी सगळीकडे शोधलं. कळलं असतं तर हिला घेऊन स्वतः आले असते."

जसुमतीने पाय कागदावर ठेवून त्याच्या कडेने रेघ मारली, घोट्याभोवती पट्टी फिरवली. ऋत्वीने हळूच विचारलं, "लाल रंगाचा मिळेल?" तेव्हा कुठे चेतनाबेन चहा टाकायला उठल्या.

परतल्यावर जसुमतीने किरीटला बोलावलं. "ते ऑनलाइन दुकान बंद करा. मला विकणारी वेबसाइट नको, ओळख करून देणारी हवी. मी कोण, कसकसे जोडे शिवले त्यांचे फोटो, घरी पायाचं माप कसं काढायचं, आणि भेटायचा दिवस ठरवायची सोय. किंमत पाय बघितल्यावर."

"भाभी, जिथे काही विकत घेता येत नाही, ती कसली वेबसाइट? लोक बघतील आणि जातील."

"बघून आले तर माझे. नाही आले तर निदान कुणाच्या पायाला फोड येणार नाहीत."

किरीट दोन दिवस घुश्शात होता. मग त्याची वेबसाइट बनवणारी फरझाना घरी आली. सगळं ऐकून ती म्हणाली, "किरीटभाई, हे तर सोपं आहे. चार पानं पुरतील. तुमचं दुकान तुम्हाला शोभतं, यांना हेच शोभेल." किरीट हसला आणि म्हणाला, "दोघींनी आधीच ठरवलंत काय?" पण फोटो त्यानेच काढले, तेही मोठ्या हौसेने.

ऋत्वीचा लाल जोडा बसला. चेतनाबेननी ही वेबसाइट आपल्या ओळखीच्या एका डॉक्टरांना दाखवली. पावसाळा सरता सरता पोरबंदरहून, द्वारकेहून माणसं दिवस ठरवून येऊ लागली. गर्दी नव्हती, पण जसुमतीचे हात रिकामे राहत नव्हते.

नवरात्र जवळ आली तेव्हा इंदिराबेन नावाच्या निवृत्त शिक्षिका आल्या. स्कूटरवरून पडून हाड मोडल्यापासून त्यांचा एक पाय आखूड झाला होता. माप देऊन झालं तरी त्या उठेनात.

"आणखी काही हवंय का, मासी?"

"तुमच्या वेबसाइटवर लिहिलंय, जोडा घालून काय करायचंय ते सांगा. या वयात सांगायला लाज वाटते." त्या जराशा थांबल्या. "मला गरबा खेळायचाय."

जसुमतीने कागदावर काढलेली टाचेची रेघ खोडली आणि टाच थोडी रुंद धरून नवी काढली.

"मग जोडा तयार झाला की इथेच दोन फेऱ्या घालून दाखवायच्या. डगमगलात तर मी पुन्हा शिवेन."

इंदिराबेननी तिथेच, बसल्या जागी, टाळीचा ठेका धरून बघितला.