दोन नंबरचं बोट

मी एक फोन आहे, पण मला खिशात घालता येणार नाही. मला काच नाही, बॅटरी नाही, अंग म्हणून काहीच नाही. केनियातल्या किसुमू शहरातल्या एका ऑफिसात, आविनो नावाच्या मुलीच्या लॅपटॉपमध्ये मी राहतो. तिच्या पडद्यावर फोनचं चित्र दिसतं ना, तोच मी. लोकांच्या खऱ्या फोनवर जायच्या आधी अ‍ॅप माझ्यावर चालवून बघतात.

माझं काम बोट ओळखण्याचं. आता मला बोट लावणार कोण? आविनो एक ओळ टाइप करते, की एक नंबरचं बोट टेकलं. मी म्हणायचं, ओळखलं. मग दोन नंबरचं टेकलं. मी म्हणायचं, हे कोण, ओळखत नाही. असं दिवसातून दीडशे वेळा. संध्याकाळी मला पुसतात. बरंचसं जातं, थकवा तेवढा राहतो.

आविनो जरा दचकणारी. दार वाजलं तरी तिचा हात भलत्याच बटणावर पडतो. तिचे वरिष्ठ ओगुतु सर चिडवायचे, "अगं, फोन आहे तो, चावत नाही."

यंदाचं अ‍ॅप एका दवाखान्याचं होतं. बायकांना आपल्या तपासणीचे रिपोर्ट त्यात दिसणार होते, आणि पहिले रिपोर्ट शुक्रवारी सुटायचे होते.

गुरुवारी दुपारी आविनो मक्याच्या पिठाची घट्ट उगाली आणि सुकी मासळी खात होती. तेवढ्यात थोरल्या बहिणीचा, आकेयोचा फोन आला. हात खरकटे, म्हणून तिनं स्पीकर लावला. आकेयोनं नवा फोन घेतला होता. दवाखान्यातल्या नर्सनं त्यात कालच अ‍ॅप टाकून दिलं होतं, आणि आज सासू, नणंद, नवरा ओउको, सगळ्यांनी त्या फोनला आपापली बोटं लावली होती. आमच्याकडे घरात फोन आला की हे होतंच. जी नको म्हणेल ती काहीतरी लपवतेय असं धरतात.

"उद्या माझा रिपोर्ट येतोय," आकेयो म्हणाली. "कसाही असो, ओउकोला मीच सांगणार. पण आधी मला कळू दे. ते माझ्याच बोटानं उघडतं ना गं?"

आविनो हो म्हणाली आणि तिचा घास हातातच राहिला.

इतके महिने माझ्याकडे दोन नंबरचं बोट म्हणजे चोराचंच. त्या नंबरवर घरातलं माणूस असेल हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं. तिनं हात धुतले. एक नंबरनं अ‍ॅप चालू केलं, मग दोन नंबरचं बोट माझ्यात रीतसर नोंदवलं आणि टेकवलं.

मी ओळखलं. अ‍ॅप उघडलं. खोटं कसं बोलू, नोंदवलेलं कुठलंही बोट ओळखायचं असंच मला शिकवलंय.

ओगुतु सरांनी कपाळाला हात लावला. तिनं सुचवलं, की नव्या अ‍ॅपनं सगळ्यांचं बोट बंद ठेवून आधी पासवर्ड विचारावा, आणि पुढे कुणी बोट चालू केलं तरी फोनमध्ये नवं बोट आलं की ते बंद, फक्त पासवर्ड. सर म्हणाले, अर्ध्या बायका पासवर्ड विसरतील आणि नर्सच्या डोक्यावर बसतील.

"बसू दे सर," आविनो म्हणाली. "विसरलेला पासवर्ड नवा मिळतो. नवऱ्यानं वाचलेलं परत झाकता येत नाही."

सरांनी दवाखान्याला कळवून रिपोर्ट सोमवारपर्यंत थांबवले. ते तीन दिवस मला कोणी उसंत दिली नाही. एक, दोन, तीन, पाच नंबरची बोटं, उलटसुलट. शेवटी मी ओळखलं तरी अ‍ॅप एकेकाला नाही म्हणायला लागलं.

सोमवारी आकेयोचा फोन आला. "तुमचं अ‍ॅप ओउकोच्या बोटाला दाद देईना. विचारत होता, आहे काय यात? मी म्हटलं, बस. मी वाचलंय. आता सांगते."

"मग?"

"मग काय, सांगितलं. चहा घेऊन बसलाय. बोलेल."

आविनोनं रिपोर्टबद्दल एक शब्दही विचारला नाही.

आता माझ्यापेक्षा नवा फोन आलाय, आणि मला उद्या काढून टाकणार आहेत. माझी ना नाही. खूप दमलोय. फक्त माझ्या जागी येईल त्याच्यावर अ‍ॅप तपासाल, तेव्हा घर माणसांनी भरलेलं आहे असं धरून चाला.