पत्र्यावरचं ओके

साहेब, माझ्या वहिनीचा हात मशीनने भाजला असं तुम्ही जगाला सांगत फिरता. खोटं बोलता. हात तुम्ही भाजलात, आणि वर त्यावर फुंकर मारायलाही आला नाहीत.

आपल्या लाँड्रीत हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या चादरी येतात. धुऊन-वाळून त्या रोलरवर जातात. ज्यांनी रोलर पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: माणसाच्या कमरेएवढा जाड, लालबुंद नसला तरी तेवढाच तापलेला, सतत फिरणारा. चादरीचं टोक समोर धरलं की आत ओढतो आणि पलीकडे कडक इस्त्री करून टाकतो. चादर कुठली आणि हात कुठला, त्याला काय कळणार? म्हणून त्याच्या तोंडाशी एक आडवी पट्टी असते. तिला बोट लागलं की रोलर जागच्या जागी थांबतो.

आमच्या मिस्त्रीला सगळे ढापण्या म्हणतात. रोज सकाळी तो घडी घातलेला टॉवेल त्या पट्टीवर दाबायचा. रोलर थांबला की मशीनच्या अंगावर खडूने लिहायचा, ओके. संध्याकाळी काम संपलं की वहिनी ते ओल्या फडक्याने पुसून टाकायची. आजचं ओके आज, उद्याचं उद्या.

हा शब्द आमच्याकडे पाहुणा म्हणून आला आणि घरजावई होऊन बसला. आई फोनवर ओके म्हणते तेव्हा चुलीवर दूध उतू जात असतं. दादा ओके म्हणतो तेव्हा त्याने काहीच ऐकलेलं नसतं. आणि तुम्ही? नळ गळतोय सांगितलं, ओके, अजून गळतोय. पंखा बंद आहे सांगितलं, ओके, अजून बंद. रजा मागितली, ओके. आणि हजेरीत गैरहजर. एवढ्या पसाऱ्यात एकच ओके सच्चं होतं, खडूचं. त्याच्या भरवशावर बाया तापलेल्या लोखंडापाशी हात न्यायच्या.

नेमकं तेच तुमच्या डोळ्यांत खुपलं. खडूची पूड चादरींना लागते, गिऱ्हाईक कुरकुरतं, असं म्हणत तुम्ही पत्र्याची पाटी रंगवून आणलीत. हिरवीगार, त्यावर ठसठशीत ओके. चार स्क्रूंनी मशीनला कायमची ठोकलीत.

ढापण्या म्हणाला, "साहेब, मग आता मी कशाला येऊ? पाटीच बघेल सगळं."

तुम्ही हसलात. आणि खरोखरच त्याला सकाळी तुमच्या दुसऱ्या लाँड्रीत पिटाळायला लागलात. आमच्याकडे तो यायचा दुपारी. कधी यायचाच नाही.

मग पट्टी बिघडली. कारण नसताना रोलर थांबायला लागला, चादरींचे ढीग साचले. तिची वायर काढून ठेव, आधी काम उरकू दे, मग बघू, असं तुम्ही ढापण्याला सांगितलंत. त्याने काढली. वहिनी त्या दिवशी रजेवर होती. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा कुणी तिला चकार शब्द बोललं नाही. मी वाळवणीच्या खोलीत, मलाही पत्ता नव्हता. तिने पाटी पाहिली आणि बाह्या सरसावून कामाला लागली. एका चादरीला सुरकुती पडली. नेहमीसारखी ती बोटांनी सरळ करायला गेली. बोटं पट्टीला लागली. रोलर थांबला नाही.

तिची किंकाळी ऐकून मी धावलो आणि तांबडं बटण दाबलं. त्या किंकाळीबद्दल मी लिहिणार नाही. तुम्हाला ऐकायची असेल तर आमच्या घरी या, झोपेत अजून येते.

चौकशी तुमच्याच केबिनमध्ये झाली. ढापण्याला बोलावलंसुद्धा नाही. निकाल असा: मशीनवर ओके होतं, म्हणजे मशीन ठीक होतं, चूक बाईच्या निष्काळजीपणाची. चोरानेच पंचनामा केला आणि खाली सहीही ठोकली.

वहिनीच्या उजव्या हाताची दोन बोटं आता वळत नाहीत. दादाचं काम सुटलेलं, घर तिच्यावर. ती परत आली आणि घड्या घालायचं काम द्या म्हणून तिने तुम्हाला विनवलं. रोलरवर जायचं नसेल तर घरचा रस्ता धर, असं तुम्ही सुनावलंत. तिला सगळ्यांसमोर मशीनपाशी नेलंत, पाटीवर टिचकी मारलीत.

"सगळं ओके आहे. घाबरायचं काय त्यात?"

वहिनीचा आवाज शेजारच्या मांजरालाही ऐकू जात नाही, असं आम्ही घरात तिला चिडवतो. त्या दिवशी तो शेवटच्या टेबलापर्यंत पोचला.

"ओके आहे ना साहेब? मग आधी तुम्ही पट्टीला बोट लावा. थांबला तर मी लागते कामाला."

रोलर फिरत होता. घड्या घालणाऱ्या बायांचे हात थांबले. ढापण्या चष्मा काढून पुसत बसला. तुमचा हात पुढे आला, पट्टीच्या वीतभर अलीकडे अडला, आणि तिथून गुपचूप पँटच्या खिशात गेला. मीटिंग आहे, म्हणालात आणि निघालात.

दुसऱ्या दिवशी वहिनीला फाटकावरच अडवलं. पाटी मात्र कामावर कायम आहे. तिच्यासमोर आता एक नवी बाई उभी असते. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, भाऊ, मला हे काम हवंय.

म्हणून साहेब, विचारतो. पाटी खरी होती तर तुमचा हात खिशात का गेला? खोटी होती तर निष्काळजी कोण? वहिनीने सगळ्यांदेखत विचारलं होतं, तुम्हीही सगळ्यांदेखत सांगा. आणि उत्तर म्हणून ओके चालणार नाही.