पाचवं पातेलं

गेर्लिंडे रोल्फिंग बाईंच्या माळ्यावर एक भातुकली होती आणि तिला कीड लागली आहे असं त्या तीस वर्षं लेकीला सांगत आल्या होत्या. कीड वगैरे काही नव्हती. पण खोटं एकदा जिभेवर बसलं की त्यालाच मुळं फुटतात.

जर्मनीतल्या हालबेकसारख्या गावात बऱ्या घरच्या मुलींना अशी भातुकली असायचीच. समोरून उघडी, हातभर लांबीची लाकडी खोली. आत चूल, कपाट, भिंतीवर खुंट्या आणि खुंट्यांना टांगलेली तांब्याची पातेली. तिचा नियम ठरलेला. चोवीस डिसेंबरच्या संध्याकाळी ती झाडाखाली यायची आणि तीन राजांचा सण झाला की परत माळ्यावर जायची. मुलीनं कितीही भोकाड पसरलं तरी सहा जानेवारीनंतर एक दिवस मिळायचा नाही. आणि नाताळाच्या आधीच्या आठवड्यांत वडील गुपचूप तिला नवा रंग द्यायचे, म्हणजे ती दरवर्षी जुनीच असायची आणि दरवर्षी नवीही दिसायची.

गेर्लिंडेचे वडील गावातले औषधवाले. हात स्थिर, रंग नेटका. चाळीस सालापर्यंत भातुकलीच्या भिंती पिवळ्या होत्या, एवढं तिला पक्कं आठवत होतं. बेचाळीसच्या नाताळात ती खाली आली तेव्हा भिंतींवर निळ्या चौकटी होत्या. आणि निळ्या चौकटींची भातुकली गेर्लिंडेनं त्याआधी एकाच घरी पाहिली होती. रस्त्यापलीकडे, गुरांचे व्यापारी ग्र्यूनेबाउम यांच्याकडे, त्यांच्या लोरेची. ते ज्यू, त्यांच्यात नाताळ नाही, त्यामुळे लोरेची भातुकली बारा महिने मांडलेली असायची. गेर्लिंडेला याचा फार हेवा वाटे.

एक्केचाळीसच्या डिसेंबरात ग्र्यूनेबाउम नवरा-बायको आणि दहा वर्षांची लोरे यांना नाझींनी गाडीत घालून दूर रीगाच्या छावणीत नेलं. ते परतले नाहीत. थोरला भाऊ वाल्टर त्याआधीच परदेशी गेला होता, म्हणून उरला. मार्चमध्ये त्यांच्या घरातलं सामान रस्त्यावर मांडून त्याचा लिलाव झाला, आणि त्याच वर्षीच्या नाताळात गेर्लिंडेकडे निळी भातुकली आली.

"पप्पांनी रंगवलीय. दरवर्षी रंगवतात," आई म्हणाली होती. त्या घरात आईचं असं वाक्य म्हणजे दाराला कडी. नऊ वर्षांची पोर खेळली आणि गप्प बसली. पुढे कळतं झाल्यावर विचारायचं धैर्य झालं नाही आणि धैर्य आलं तोवर विचारायला कुणी उरलं नाही.

म्हणून स्वतःच्या लेकीला, बिर्गिटला, त्यांनी ती कधी मांडून दिली नाही. चोरीची असली तर? मेलेल्या मैत्रिणीची चूल आपल्या लेकीच्या हातात कशी द्यायची? बिर्गिट कागदाच्या खोक्यांच्या भातुकलीवर वाढली आणि ते ती अजून विसरली नव्हती.

अठ्ठ्याण्णव सालच्या ऑक्टोबरात बिर्गिट न विचारता शिडी लावून माळ्यावर चढली. तिची लेक स्वेया आता तीन वर्षांची होती.

"कीड म्हणे!" वरूनच ती ओरडली. "आई, एक खिळा ढिला नाहीये हिचा. डाव्या खिडकीचं एक दार तेवढं नाहीये. पाचच्या पाच पातेली जाग्यावर. मला का नाही दिलीस गं कधी?"

"खाली ये. पडशील."

"पडले तर पडले. उत्तर दे."

"या नाताळाला बघू," गेर्लिंडेबाई म्हणाल्या आणि बटाटे सोलायला बसल्या. पाच जणांना पुरतील एवढे बटाटे सोलून झाले तरी त्या थांबल्या नव्हत्या.

त्याच आठवड्यात गावच्या वर्तमानपत्रात आलं, की नगरसंग्रहाला लोकांनी घरी काढलेल्या जुन्या चित्रफिती हव्या आहेत. वडिलांना फिती काढायच्या कॅमेऱ्याचा भारी नाद होता. कपाटात पत्र्याच्या डब्यात सात फिती पडून होत्या आणि त्या दाखवायचं यंत्र केव्हाच मोडलं होतं. गेर्लिंडेबाईंनी रात्रभर विचार केला. बेचाळीसच्या आधीच्या कुठल्याही नाताळात ती भातुकली दिसली, तर ती आपली. नाही दिसली, तर बिर्गिटला तिच्या आजी-आजोबांबद्दल काय ते सांगायचं आणि भातुकली घरात ठेवायची नाही. दोन्हींपैकी काहीही चालेल, पण हे मधलं लोंबकळणं आता पासष्टीला झेपत नाही, असं त्यांनी ठरवलं. सकाळी त्यांनी बिर्गिटला फोन केला. "डबा जड आहे. गाडी घेऊन ये."

डबा काही जड नव्हता.

संग्रहाचं काम बघणारे ओलेनडॉर्फ हे निवृत्त मास्तर. पडदे ओढून, यंत्रात फीत अडकवून त्यांनी दोघींना कॉफी दिली.

"आधीच सांगून ठेवतो बाई, लोक येतात ते घाबरून येतात. वाटतं, काय काय निघेल! आणि निघतात सहली."

तसंच झालं. सायकली, नदीकाठ, काकूच्या मांडीवरचं कुत्रं. पोहण्याच्या तलावाशी आई आईस्क्रीम खात होती आणि तिच्या मागे, खांबावर, नाझींचा तो झेंडा फडफडत होता. आई कॅमेऱ्याकडे बघून लाजली आणि आईस्क्रीम तिच्या झग्यावर सांडलं.

"आजी केवढी सुंदर होती गं!" बिर्गिट म्हणाली. मग पडद्याकडे बोट करून, "आणि ते मागे..."

"सगळ्या फितींत असतो तो," ओलेनडॉर्फ म्हणाले. "कुणी मुद्दाम घेतलेला नसतो. आईस्क्रीमच्या मागे आपोआप आलेला असतो. मला विचाराल तर, मी फिती बघतो त्या तेवढ्याचसाठी."

चौथ्या फितीवर वडिलांच्या अक्षरात पाटी आली: नाताळ १९३७. गेर्लिंडेबाईंनी खुर्चीचा हात धरला. झाड दिसलं. मेणबत्त्या दिसल्या. कॅमेरा खाली सरकला आणि तिथं, झाडाखाली, ती होती. तीच चूल, तेच कपाट. समोर चार वर्षांची गेर्लिंडे आणि तिच्या शेजारी, काळ्या वेण्यांची, तिच्याहून डोकंभर उंच...

"लोरे," गेर्लिंडेबाई म्हणाल्या. साठ वर्षांत त्यांनी हे नाव मोठ्यानं घेतलं नव्हतं.

लोरे भातुकलीची डावी खिडकी लावायला गेली आणि खिडकीचं दार तिच्या हातातच आलं. तिनं ते पाठीमागे लपवलं. मग तिनं भिंतीवरचं एक पातेलं काढलं, उलटसुलट करून पाहिलं, आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून गुपचूप झग्याच्या खिशात टाकलं. एवढं करून तिनं वर पाहिलं, तर समोर कॅमेरा! ती इतकी दचकली की तिच्या दोन्ही वेण्या उडाल्या. फीत थोडी हलली. वडील हसत असावेत.

गेर्लिंडेबाईंचा जीव भांड्यात पडला. त्या हसायला लागल्या आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या. "चोरटी! अगं चोरटी कुठली! मी आपली जन्मभर समजतेय की आम्हीच हिचं घर लुटलं, आणि ही बया आमचंच पातेलं खिशात घालून चाललीय!"

"आई, कोण लुटलं? काय बोलतेयस तू?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. निळ्या चौकटी, रीगा, आईचं ते वाक्य, किडीचं खोटं. मास्तरांनी यंत्र थांबवलं होतं. बिर्गिटनं एकदाही मध्ये तोंड घातलं नाही, आणि तिच्या बाबतीत हे नवलच म्हणायचं.

"म्हणजे भातुकली आपलीच," शेवटी ती म्हणाली. "आजोबांनी खरंच रंगवली होती. लोरेची आवडायची तुला, म्हणून निळी."

"आपलीच गं. बघितलीस ना खिडकी? तीच तुटकी." त्यांना सदतिसाव्या वर्षी लेकीला मांडीवर घ्यावंसं वाटलं.

बिर्गिट मात्र बोटांवर काहीतरी मोजत होती. "पण आई, एक पातेलं ती घेऊन गेली. मग वर पाच कशी?"

ओलेनडॉर्फांनी पुढच्या डबीवरची चिठ्ठी वाचली, मार्च १९४२, आणि म्हणाले, "ही लावू का? तुम्ही म्हणाल तसं."

"लावा," गेर्लिंडेबाई म्हणाल्या.

लख्ख ऊन. त्यांचीच गल्ली. रस्त्यावर टेबलं, पलंग, गाद्या, दिव्यांची झुंबरं, आणि माणसं, सगळी ओळखीची. बेकरीवाली डोक्यावर घमेलं घालून नाचून दाखवत होती. शाळेतली बाई खुर्चीवर बसून ती डुगडुगते का बघत होती. जत्रेला आल्यासारखे सगळे खुशीत. मग गर्दीतून एक नऊ वर्षांची मुलगी धावत कॅमेऱ्यासमोर आली आणि हातातली इवलीशी वस्तू तिनं भिंगाजवळ नेऊन उंच धरली. तांब्याचं पातेलं. सापडलं, सापडलं, असं ती ओरडत असावी. तोंडभर हसत होती.

फीत संपून पडद्यावर नुसता उजेड राहिला.

"मला हे आठवत नाही," गेर्लिंडेबाई म्हणाल्या. "बाकी सगळं आठवतं आणि हेच आठवत नाही. भातुकलीला भीत बसले, आणि घेणारी होते ती मीच."

ओलेनडॉर्फांनी घसा खाकरला. "काही घरचे लोक सांगतात, एवढा तुकडा कापून द्या. मी कापत नाही. पण विचारावं लागतं."

"कापू नका. नावासकट ठेवा. माझ्याही." आणि त्यांना एकदम हलकं वाटलं, इतकं की स्वतःचीच लाज वाटली. "मास्तर, तिचा भाऊ वाल्टर. आहे का हो?"

वाल्टर ग्र्यूनेबाउम इस्रायलमध्ये हैफाला होता, बहात्तर वर्षांचा, आणि संग्रहाच्या पत्रांना चक्क उत्तरं देत असे. सदतीस सालच्या फितीची प्रत त्याला गेली. सोबत गेर्लिंडेबाईंनी चार ओळींचं पत्र लिहिलं, पातेल्याच्या कबुलीसकट. ते लिहायला त्यांना नऊ दिवस लागले. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, जुन्या शाळेच्या वळणाच्या जर्मनमध्ये. बिर्गिटनं ते स्वयंपाकघरात मोठ्यानं वाचलं.

"गेर्लिंडे, तुला अहोजाहो करायचं मला जमणार नाही, तू नाक पुसत आमच्या अंगणात यायचीस. फीत मी चौदा वेळा पाहिली. माझ्याकडे तिचे दोन फोटो आहेत, दोन्हींत ती एरंडेल प्यायल्यासारखी उभी आहे. ती अशी दचकायची, हे मी विसरून गेलो होतो. माझ्या नातवंडांनी ती आता पाहिली. याचे आभार कसे मानतात ते मला ठाऊक नाही.

"पातेल्याबद्दल. आईनं तिला दोन चपराका दिल्या आणि त्याच संध्याकाळी परत करायला धाडलं. तुमचं दार उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी गेली, उघडलं नाही. तिसऱ्या वेळी मी सोबत गेलो. वरच्या खिडकीचा पडदा हलला, दार उघडलं नाही. दुपारपर्यंत उघडं असलेलं दार संध्याकाळी बंद का झालं ते तुम्हालाच माहीत. तेव्हा आई म्हणाली, ठेव गं, उघडतील तेव्हा देऊ. म्हणजे ते तिनं चोरलेलं नव्हतं, द्यायचं राहिलेलं होतं.

"भातुकली मांड. पोरांनी खेळलंच पाहिजे. पातेलं मात्र मला पाठवून दे."

गेर्लिंडेबाई उठून खिडकीपाशी गेल्या. पडद्यामागे त्या दिवशी कोण होतं? आई, की पप्पा, की खुर्चीवर चढलेली चार वर्षांची पोर? त्याची काही फीत नव्हती.

"रडतेयस?" बिर्गिटनं विचारलं.

"नाही गं. कुणीतरी मागितलं एकदाचं." आणि खरोखर, इतक्या वर्षांत त्यांच्याकडे कुणी काही मागितलंच नव्हतं. न मागितलेलं परत करायचं कसं, हे त्यांना कधी कळलं नव्हतं.

टपालकचेरीत परदेशी पार्सलाचा फॉर्म होता. आतली वस्तू काय: खेळण्यातलं पातेलं, एक. खाली चौकटी होत्या. भेट, नमुना, विक्रीचा माल, परत केलेला माल.

"भेटवर खूण करा ना," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "सगळे तेच करतात."

"भेट नाहीये ती," गेर्लिंडेबाई म्हणाल्या, आणि शेवटच्या चौकटीत त्यांनी नीट, दाबून फुली मारली. बाहेर बर्फाची भुरभुर सुरू झाली होती आणि त्या टोपी न घालताच घरापर्यंत चालत आल्या.

चोवीसच्या संध्याकाळी भातुकली झाडाखाली आली. बिर्गिट तिच्यासमोर स्वेयाच्याही आधी फतकल मारून बसली आणि आईनं तिला बसू दिलं. स्वेयानं चूल उघडली, कपाट उघडलं, डाव्या खिडकीतून हात घालून पाहिला आणि मग खुंट्या मोजल्या. ती नुकतीच मोजायला शिकली होती.

"आजी, एकावर काहीच नाही."

"ती लोरेची खुंटी."

"तिचं पातेलं कुठंय?"

"ती घेऊन गेली," आजी म्हणाली.