आक्काचा हात

या, असे जवळ या. लांबून ऐकायची ही गोष्ट नाही. एका हाताची गोष्ट आहे. हात एका बाईचा, आणि त्याची लाज मात्र दुसऱ्याच माणसाच्या वाट्याला आली.

रविवारची दुपार कलली होती. सभागृहात जोड्यांचं कडं फिरत होतं आणि मधोमध उभा राहून कप्तान हुकूम सोडत होता. क्यूबा नावाच्या बेटावरचा हा साल्सा. गोलात नाचायच्या प्रकाराला तिकडे रुएदा म्हणतात, म्हणजे चाक. कप्तानाने ‘दामे’ म्हटलं की प्रत्येक पुरुषाने आपली जोडीदारीण सोडायची आणि पुढच्या बाईचा हात धरायचा. बायका जागच्या जागी हात पुढे करून थांबतात. येणारा तो धरणारच, एवढ्या भरवशावर सगळं चाक चालतं.

कप्तान ओरडला. दातांच्या कवळ्या घडवणारे म्हणून ज्यांना सगळे कवळीवाले म्हणत, ते पुढे सरकले. समोर आक्का हात पुढे करून उभी होती. त्यांनी नजर जमिनीत घातली, तिच्यासमोरून सरळ निघून गेले आणि पलीकडच्या मास्तरीणबाईंचा हात धरला. तिथे कंपाउंडर आधीच पोचलेला. दोघांची टक्कर झाली, कंपाउंडरचा चष्मा उडाला आणि चाक मोडलं.

कप्तानाने गाणं बंद केलं. कोण चुकलं, असं त्याने विचारलं. कवळीवाल्यांची मान खाली. आक्काचा हात अजून तसाच होता. तो तिने पदराला पुसल्यासारखा केला आणि हसून म्हणाली, “माझंच लक्ष नव्हतं हो. वेळेवर हात पुढे केला नाही मी.”

कुणीतरी म्हणालं, आक्का म्हातारी झाली. सगळे हसले. आणि कवळीवाले, तेही हसले.

हा माणूस तसा वाईट नव्हता, बरं का. एका दंतवैद्याच्या मागच्या खोलीत बसून कवळ्या घडवणं हा त्यांचा धंदा. मेण, प्लास्टर, कानस आणि भिंतीकडे तोंड. जन्म गेला लोकांचं हसू तयार करण्यात, पण ते हसू कुणाच्या तोंडात गेलं हे कधी पाहिलं नाही. बायको लवकर गेली. थोरली बहीण माई हिच्याबरोबर राहायचे, सकाळी देवापुढे हात जोडायचे आणि कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही.

त्यांची खोली आणि ते सभागृह यांच्यात एकच भिंत. एका रविवारी तातडीचं काम घेऊन बसले असताना भिंतीपलीकडून जो गोंधळ सुरू झाला, तो ऐकून त्यांना वाटलं की वाजवणाऱ्यांचीच आपसांत जुंपली आहे. पियानो एक सांगतोय, ढोल दुसरंच, आणि अंधारात जिन्याची पायरी नसावी तसा मधेच खालचा घनगंभीर सूर गायब. वैतागून ते प्लास्टरने माखलेल्या हातांनीच भांडायला गेले. दारातच आक्का भेटली, ठेंगणी, पिकल्या केसांची. म्हणाली, “भांडायला आलात? या की. पण पाय हलवत भांडा.”

बस, अडकले. त्या गोंधळाचं नाव टिंबा. साल्साचंच दांडगं भावंड, आक्का म्हणायची. सुरुवातीला त्यांना त्यात ताल म्हणून सापडेना. तिने कानमंत्र दिला, की सगळं ऐकू नका, दोन लाकडी दांड्या एकमेकींवर वाजताहेत त्यांचं बोट धरा, बाकीचे आपोआप मागून येतील. नामाचं बोट धरून भवसागर तरावा, तसा त्या टकटक आवाजाला धरून हा माणूस तरला. मागचे गाणारे एकच ओळ धरून बसलेले, पुढचा गाणारा मनाला येईल ते आळवत सुटलेला. ते ऐकताना त्यांना देवळात बसल्यासारखं वाटायचं. चुकलं तरी आक्का हात सोडायची नाही. तिची बोटं गार असायची, पण पकड अशी की पडायची भीती वाटू नये.

घरी मात्र चोरी. कवळ्यांचं काम वाढलंय, अशी थाप. पण माईने एकदा दोघांना बसथांब्यावर हसताना पाहिलंच. नाचाचं कळल्यावर तिने आधी थट्टा केली, तुझे गुडघे वाजतात तेवढा ताल पुरे नाही का म्हणून. मग एकदम गंभीर झाली.

“ती बाई काय करते, ठाऊक आहे तुला?”

“इस्पितळात आहे म्हणाली.”

“शवागारात आहे. मेलेल्यांना आंघोळ घालते. त्याच हातांनी.”

त्या रात्री कवळीवाल्यांनी हात साबणाने धुतले. पुन्हा धुतले. आणि पुढच्या रविवारी जे झालं ते तुम्ही ऐकलंच.

त्यानंतर आक्का आली नाही. चाक तिच्यावाचून फिरू लागलं, कुणाचं काही अडलं नाही. कवळीवाल्यांचे पाय मात्र त्या टकटकीशी जुळेनात. देवापुढे हात जोडले की त्यांना आपल्याच हातांची शिसारी येई. शेवटी एका सकाळी ते इस्पितळाच्या मागच्या दाराशी जाऊन उभे राहिले. आक्का रबरी एप्रन घालून बाहेर आली. आश्चर्य वाटल्याचं तिने दाखवलं नाही. बाकावर बसा म्हणाली.

त्यांनी सगळं पाठ करून आणलं होतं. त्यातलं एवढंच निघालं, “त्या दिवशी तुम्ही नव्हता चुकलात.”

“मला माहीत आहे,” ती म्हणाली. “मागे घेतलेला हात मला लांबून कळतो. माझ्या सुनाही नातवंडं माझ्याकडे देताना तसाच घेतात.”

मग खोटं का बोललात, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, तुम्ही खाली बघत होता. चारचौघांत कुणाची मान अशी खाली गेलेली बघवत नाही.

 मग तिनेच विषय बदलला. घरचे लोक गेलेल्या माणसाची कवळी पिशवीत घालून देतात, आता काय कामाची म्हणून. ती आपण नीट बसवतो, मग गाल भरून येतात आणि पोरांना आपला बाप ओळखू येतो, असं सांगत राहिली. या गावातल्या कवळ्या म्हणजे बहुतेक तुमच्याच असणार की, म्हणाली. हे तिने टोमणा म्हणून सांगितलं नव्हतं. म्हणूनच ते वर्मी लागलं. आपलं काम शेवटी कुणाच्या हातून जातं, हा विचार या माणसाच्या मनाला कधी शिवला नव्हता.

“रविवारी या,” ते कसेबसे म्हणाले.

आक्का एप्रनची गाठ घट्ट करत होती. “दिवसभर मी ज्यांचे हात धरते ना, ते माझा हात धरत नाहीत. तिथे धरायचे, म्हणून यायचे मी. आता हात पुढे करताना मनात येईल, हा धरील का. तसं मनात आलं की नाच होत नाही हो.”

कवळीवाल्यांनी हात पुढे केला. ती त्याच्याकडे बघून मायेने हसली. “आता नको. आत एक आजोबा थांबलेत. त्यांच्या घरचे येतील इतक्यात.”

ती आत गेली. दार पुरतं लागलं नाही. कवळीवाले कामावर जायचं सोडून तिथेच बसून राहिले. आतून पाणी ओतल्याचा आवाज येत होता आणि मधून आक्काचा, अगदी हळू, कुणाला झोपेतून दचकवू नये तसा: “मान जरा वर घ्या, आजोबा. हं. आता बघा कसे छान दिसताय.”

आक्काचं खरं नाव सभागृहात कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मलाही सांगता येत नाही. देवाला नावाची गरज नसते. आज निजण्याआधी हात जोडाल, तेव्हा क्षणभर तिची आठवण काढा.