बरूच्या झाडावरची व्योलची पानं

आमच्या डोंगरात ओकाची झाडं ओळखायला कुणाला शिकवावं लागत नाही, शेळ्याच शिकवतात. उन्हाच्या उतारावरचा ओक म्हणजे बरू. त्याचं पान जाड, चिवट, खालून पांढुरकी लव. शेळी ते खाते, पण सासरी आल्यासारखी. डोंगराच्या पाठीमागे, वर गारठ्यात, व्योल. तिचं पान लांबट, चकचकीत, कडेला करवतीसारखे दात आणि दातादाताला टोचरं टोक. त्यावर शेळी जीव टाकते. म्हणून उन्हाळा सरता सरता आम्ही व्योलच्या फांद्या कापतो, जुड्या बांधतो आणि खाली आणून घराजवळच्या एखाद्या मोठ्या झाडावर, बेचक्यांत रचून ठेवतो. जमिनीवर ठेवल्या तर ओल, रानडुकरं आणि शेजारी, तिघंही सोडत नाहीत. बर्फ पडलं की रोज चार जुड्या खाली टाकायच्या.

माझे शेजारी माम गफूर, म्हणजे गफूरकाका. यंदा त्यांनी बत्तीस शेळ्यांचा सगळा चारा घरामागच्या बरूवर रचला होता. गोल, गच्च, चारी बाजूंनी सारखा. काकांना नीटनेटकेपणाची भारी हौस.

पानगळ होऊन गेली, सगळे बरू बोडके झाले आणि जंगलखात्याचा माणूस गावात आला. नाव पेझमान. आम्ही त्याला मोहंदेस म्हणायचो. मोहंदेस म्हणजे इंजिनियर, पण ज्याच्या खिशाला पेन त्याला आमच्याकडे हीच पदवी मिळते. ओकाच्या जाती आणि त्यांच्या जागा नोंदवायचं काम होतं त्याचं. काकांच्या परसात तो थबकला.

"याची पानं गळली नाहीत!"

"नाही गळली," काका म्हणाले. खोटं काहीच नव्हतं त्यात.

मोहंदेसचे बूट नवे होते, त्यामुळे चढायचा प्रश्नच नव्हता. त्यानं काठीनं एक डहाळी पाडली, पुस्तक उघडलं आणि त्याचा आवाज कापरा झाला. "ही तर व्योल! इतक्या खाली? उन्हाच्या उतारावर? आणि बारमाही हिरवी? माम गफूर, जगात कुठं नाही असं झाड आहे हे!"

आता पाहुणा घरात चहा पिऊन बसलेला. पाहुण्याला तोंडावर 'तू चुकलास' म्हणायची आमच्यात पद्धत नाही. काका खडीसाखर दातात धरून मान डोलवत राहिले. मीही डोलवली. आमच्या त्या भिडेपायी मोहंदेसनं झाडाला लाल फीत गुंडाळली, नंबराचा पत्रा ठोकला, चहूबाजूंनी फोटो काढले आणि काकांना त्या झाडाचा राखणदार नेमलं.

"एक पान कमी झालं तरी फोटोत कळेल हं. दंड होईल."

तो गेला आणि काकू, खानजाद तिचं नाव, बाहेर आली. "झालात का राखणदार? आता शेळ्यांना पत्रा घाला खायला."

आठवड्यात बर्फ आलं. शेळ्या भुसा हुंगून मान फिरवायच्या, वर झाडाकडं बघायच्या आणि ओरडायच्या. दोघी गाभण होत्या, त्यांच्या बरगड्या मोजता यायला लागल्या. काका फितीपाशी उभे राहून हात चोळत.

तेवढ्यात मोहंदेस परत आला, झाडाचे नमुने ठेवायची पेटी घेऊन. काकांनी संधी साधली. त्याला बर्फ उकरून झाडाखालची फळं दाखवली. ती बरूचीच होती, मोठी, जाड टोपीची. म्हटलं, आता कळेल. मोहंदेसनं फळ पाहिलं, पान पाहिलं, खोड पाहिलं आणि खालीच बसला.

"फळ बरूचं, साल बरूची, पान व्योलचं. संकर आहे हा! माम गफूर, तुमचं झाड दोन जातींचं आहे!"

आणि त्यानं दुसरी फीत गुंडाळली.

त्या संध्याकाळी खिंड बर्फानं बंद झाली आणि मोहंदेस काकांकडं अडकला. काकूनं त्याला अंडी, लोणी, जाडसर गादी, सगळं दिलं. दोनदा तर त्यानं नको म्हटल्यावरही ताटात भात वाढला. बाहेर शेळ्या ओरडत होत्या. तो म्हणायचा, "खूप बोलक्या आहेत हो तुमच्या शेळ्या."

चौथ्या दिवशी सकाळी लोणी आलं नाही. चहा आला, तोही ज्याचा त्यानं ओतून घ्यायचा. काकूनं त्याच्यापुढं काकांचे जुने रबरी बूट टाकले.

"ऊठ रे पेझमान. झाडावर चढ आणि चार जुड्या खाली टाक."

मोहंदेस गांगरला. "मी? काकू, ते झाड संरक्षित आहे."

"तीन दिवस पाहुणा होतास. आज घरचा. घरच्यानं चारा काढायचा आणि घरच्याला मी काय वाटेल ते बोलणार. चढ."

चढला बिचारा. आम्ही खाली उभे. वर फांद्या खसखसल्या. मग अगदी हळू आवाज आला, "माम गफूर, फांदीला दोरी आहे."

"असणारच. मीच बांधलीय."

"फांदी हातात आली."

"येणारच. कापलेली आहे."

"म्हणजे पानं..."

"व्योलची. डोंगरामागून आणलेली."

"आणि झाड?"

"बरू. माझ्या आजोबांच्या आधीपासून बरू."

त्यानं पानांतून डोकं बाहेर काढलं. "सांगितलं का नाही तुम्ही?"

"कसं सांगणार बाळा? पाहुणा होतास," काका म्हणाले. इतके दिवस अडलेलं बोलता आल्यानं त्यांचा चेहरा उजळला होता.

मोहंदेस फांदीवर बसून राहिला. चेहरा असा की जणू जगातलं एकमेव झाड त्याच्याच मांडीखाली वारलं होतं. खाली बत्तीस शेळ्या माना वर करून उभ्या. त्यानं त्यांच्याकडं पाहिलं, नंतर एक जुडी सोडली. ती जमिनीला लागायच्या आत एका गाभण शेळीनं पकडली. दुसरी टाकली, तिसरी टाकली. आठवीला काकू ओरडली, "पुरे! पोटं फुटतील त्यांची!"

खाली उतरून त्यानं दोन्ही फिती स्वतः सोडल्या. पत्रा निघेना, तर काकांनी हातोडा दिला. मग वही काढून म्हणाला, "खरी व्योल कुठं उगवते?"

"मागच्या अंगाला. वर, सावलीत, जिथं बर्फ सगळ्यात उशिरा वितळतं," काका म्हणाले. "खिंड उघडली की नेतो. दोन तासांची चढण आहे."

"बूट हेच घालीन," मोहंदेस म्हणाला आणि लिहायला लागला. शेळ्यांचं ओरडणं थांबलं होतं. दातांखाली कोरडी पानं मोडल्याचा तेवढा आवाज येत होता.