उशीला मारलेली लाथ

रोह्याच्या तीन दिवसांच्या शूटिंगातून हरेशला मिळण्यासारखं एकच होतं: नाव. हमरापुरात गणपतीचे डोळे आखायला त्याच्यासारखा हात नव्हता, पण मूर्तीखाली कुणी नाव घालत नाही. टीव्हीवर मात्र शेवटी नावं येतात. म्हणून मालिकेत आईला छळणाऱ्या मुलाचं काम आलं, तेव्हा त्यानं घासाघीस न करता ते घेतलं.

लाथेचा प्रसंग आला त्या दिवशी आई झालेली बाई मुंबईतच होती. दिग्दर्शक म्हणाला, "तू उशीला मार. आई आम्ही कॉम्प्युटरवर बसवतो." हरेशनं मारली. हळू बसली म्हणून पुन्हा मारायला लावली.

नव्याण्णवच्या श्रावणात तो भाग केबलवर लागला. कॉम्प्युटरनं काम चोख केलं होतं. उशीचा मागमूस नव्हता. म्हातारी कळवळत ओट्यावरून खाली. हरेशच्या खऱ्या आईनं, बायजाबाईनंसुद्धा तोंडाला पदर लावला. शेवटची नावं कापून केबलवाल्यानं पेणच्या साडीच्या दुकानाची जाहिरात लावली.

दुसऱ्या दिवशी गडब गावचा काळुराम त्यांच्या मूर्तींच्या कारखान्यात आला. दरवर्षीचं गिऱ्हाईक.

"मूर्ती नेतो वैनी," तो बायजाबाईला म्हणाला, "पण डोळे याच्या हातचे नकोत."

"काळूदादा, ती उशी होती," हरेश म्हणाला.

"उशी कण्हते व्हय रे?"

"ती बाई त्या दिवशी रोह्यात नव्हतीच."

"मी बघितली ना. निळं लुगडं होतं."

बायजाबाई म्हणाली, "त्याची आय मी हाय. मला इचार, मारतो का."

"तू काय सांगशील गो? मार खाऊन आई कधी पोराचं नाव घेते?"

आठवडाभरात निम्म्या गिऱ्हाइकांचा हाच निरोप आला. डोळ्यांवाचून गणपती कुणी घरी नेत नाही, आणि चतुर्थी बारा दिवसांवर. बायजाबाई एके काळी डोळे आखायची. आता तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. तरी तिनं दारात पाट मांडला, मूर्ती पुढ्यात घेतली आणि बारीक कुंचला हातात धरला.

"मी हितं बसते. तू आत आख. गिऱ्हाईक दिसलं की मी वाकते."

"आय, हे खोटं हाय."

"मग रोह्यात काय केलंस?"

हरेशनं दुसरा कुंचला उचलला. तो आतल्या पडद्यामागे बसला. बाहेर गिऱ्हाईक आलं की बायजाबाई श्वास रोखून कुंचला मूर्तीच्या डोळ्यापाशी न्यायची आणि टेकवायची नाही. तिसऱ्या दिवसापासून तर मान तिरकी करून लांबून निरखायला लागली.

"मान इतकी नको वाकवू," हरेश आतून कुजबुजला. "खोटं वाटतं."

"तू गप आख."

काळुराम मूर्ती न्यायला आला. डोळ्यांकडे बराच वेळ बघत राहिला.

"आईचा हात तो आईचा हात. हरेशला असं कधी जमलं नाय."

हरेशनं मूर्ती उचलली आणि टेंपोकडे चालू लागला.

"पाय जपून टाक रे," काळुराम मागून म्हणाला.

हिशेब शेवटी असा झाला: मालिकेवाल्यांना लाथ मिळाली, काळुरामला मनासारखा गणपती, बायजाबाईला वीस वर्षांपूर्वी सुटलेला लौकिक परत. उशीला मारलेली लाथ तेवढी हरेशच्या नावावर राहिली. त्या वर्षी आखलेले सगळे डोळे आईच्या.